व्हॉट्सॲपवर गेलं की मरतंय

मावशींनी किटली खाली ठेवलीच नाही. दूध संकलन केंद्राची फरशी नुकतीच धुतलेली होती, ठेवली असती तर कुणी काही म्हटलं नसतं; पण आत्ता नंबर लागेल या भरवशावर त्या तशाच उभ्या. डाव्या हाताला रग लागली की उजव्यात, उजव्याला लागली की परत डाव्यात. टेबलावरचा टॅब पांढराफटक पडलेला आणि मधोमध एक गोल गरागरा फिरत होता. दुधाचा, ओल्या फरशीचा आणि मशीन धुवायच्या औषधाचा मिळून एक आंबूस वास सगळीकडं भरून राहिला होता. “थांबा मावशी, दोनच मिनिटं,” सचिव म्हणाले आणि माझ्याकडं वळून जरा ओशाळल्यागत, “ह्ये असंच हाय मॅडम. व्हॉट्सॲपवर गेलं की मरतंय.”

नवीन दरपत्रकाचा फोटो आला होता. तो बघायला ते क्षणभर पलीकडं गेले आणि परत येईस्तोवर ॲपनं मान टाकली. ते पुन्हा पहिल्यापासून उभं राहीपर्यंत रांग दाराबाहेर गेली. सचिवांनी सवयीनं टॅबखालची वही ओढली, २१७ असा आकडा टाकून पुढं लिटर लिहिले आणि नमुन्याची बाटली बाजूला ठेवली. वही टॅबच्या खालीच असते हे मला तेव्हा कळलं. तिच्या कडा दुधानं फुगून कडक झाल्या होत्या, म्हणजे ती रोज लागत असणार. दुधाच्या नोंदींचं हे ॲप मी लिहिलेलं नाही. वाळवा तालुक्यातल्या काही केंद्रांवर ते आधीपासून चालतंय आणि आता सांभाळायला माझ्याकडं आलंय. मी बघायला गेले होते ते छपाईची तक्रार. छपाईचं पाच मिनिटांत झालं. निघताना सचिव चहाचा कप पुढं करत म्हणाले, “आकडं तर चारच. लिटर, फॅट, एसएनएफ आन् दर. एवढ्यासाठी त्याला ध्यानात तरी किती ठेवावं लागतं ओ?”

मी काहीतरी तांत्रिक पुटपुटले. त्यांनी मान हलवली, पण पटल्याची नव्हती ती.

डिग्रज मागं पडलं, सांगलीच्या आयर्विन पुलाशी ट्रॅफिक तुंबला होता, खाली कृष्णा उन्हाळ्यातली, शांत. गाडी बंद करून बसले तेव्हा तो प्रश्न परत वर आला. पुण्यात नोकरी करत होते तेव्हा आमच्याकडं एक वाक्य चलनात होतं, ‘रॅम स्वस्त आहे.’ मीही ते मीटिंगमध्ये फेकलेलं आहे आणि तिथं ते खरंही होतं. सर्व्हर जड झाला की मोठा सर्व्हर घ्यायचा, बिल कंपनी भरायची. इथं टॅब दोन जीबीचा, त्यातला मोठा वाटा अँड्रॉइड स्वतःच घेतं, उरलेल्यात व्हॉट्सॲप, कॅमेरा, कुणीतरी टाकून ठेवलेला एखादा गेम आणि आम्ही. जागा कमी पडली की अँड्रॉइड पडद्यामागं गेलेल्यांना एकेक करून मारतं, आणि त्यातही जो जाडजूड असेल त्याची पाळी बहुधा आधी येते. म्हणजे सचिवांचं निदान शब्दशः बरोबर होतं. फोटो उघडला, व्हॉट्सॲप पुढं आलं, आम्ही मागं गेलो, आणि मागच्यांमध्ये सगळ्यांत लठ्ठ आम्हीच.

संशय पहिल्यांदा डेटाबेसवर जातो. मलाही आला, कारण ॲपच्या आत एसक्यूलाइट आहे आणि अंतर्भूत डेटाबेसचा खर्च वेगळा दिसत नाही. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा स्वतंत्र चालणारा डेटाबेस असता तर चालू प्रोग्रॅमांच्या यादीत त्याचं नाव निराळं दिसलं असतं, किती घेतोय ते समोर कळलं असतं. एसक्यूलाइट ही नुसती लायब्ररी. ती आपल्याच प्रोसेसमध्ये राहते, आपल्याच खात्यावर जगते आणि आपल्याबरोबरच मरते. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली लिहिली ती याच गुणासाठी. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांवर नुकसान आटोक्यात ठेवण्याची एक प्रणाली होती, ते तिच्यावर काम करत होते आणि तिच्या मागं इन्फॉर्मिक्स या डेटाबेसचा सर्व्हर होता. सर्व्हर खाली असला की प्रोग्रॅम नुसता ‘डेटाबेसशी जोडता येत नाही’ म्हणायचा, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर निरोप दाखवणारा प्रोग्रॅम असल्यानं शिव्या त्याला. मग सर्व्हरच नको, फाइल थेट वाचू, असं ते सुरू झालं. लाइट गेली की राउटरसकट गाव अंधारात जाणाऱ्या आमच्या भागात हा विचार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आज हे जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, सार्वजनिक मालकीचं आहे, आणि सोर्सच्या माथ्यावर परवान्याच्या जागी चांगलं करा, वाईट करू नका अशा अर्थाचा आशीर्वाद आहे. मला तो आशीर्वाद फार आवडतो. परवान्यांची जंगलं वाचून वाचून डोळे दुखलेल्या माणसालाच त्याची चव कळेल.

तर संशय घेऊन घरी आले, विश्रामबागेतल्या आमच्या गॅलरीत लॅपटॉप उघडला आणि केंद्रावरचा एक जुना टॅब वायरीनं जोडला. अँड्रॉइडमध्ये ‘डम्पसिस मेमइन्फो’ म्हणून एक आज्ञा आहे. ॲपचं नाव दिलं की ती मेमरीचा हिशेब विभागवार मांडते, आणि अगदी तळाशी, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं एसक्यूएलचा वेगळा रकाना असतो. वर एकूण आकडा दोनशे एमबीच्या पुढं. तळाला डेटाबेसचा आकडा, काही एमबी. मी आज्ञा परत चालवली. तेच. ज्याला धरायला निघाले तो चोर कोपऱ्यात मुकाट्यानं आपल्या वाट्याची भाकरी खात बसलेला.

आणि तसंच असायला हवं होतं. एसक्यूलाइट फाइल पानापानांनी वाचतं. २०१६ पासून नव्या फाइलचं पान ४०९६ बाइटांचं असतं, त्याआधी १०२४ चं असायचं. वाचलेली पानं ते स्वतःजवळ कॅशेत, म्हणजे हाताशी ठेवायच्या साठ्यात, ठेवतं आणि त्या कॅशेची मूळ मर्यादा आहे सुमारे २ एमबी. म्हणजे पाचशेच्या आसपास पानं. तीही सुरुवातीलाच अडवून बसत नाही, लागतील तशी घेतं. अँड्रॉइडनं वर आणखी ८ एमबीचं सौम्य कुंपण घातलेलं आहे, तिथं पोचलं की एसक्यूलाइट आधी जुनी पानं सोडून बघतं. सौम्य म्हणजे अगदीच गरज पडली तर ओलांडेल, पण ओलांडायच्या आधी घर आवरेल. इतक्या सालस प्राण्याला दोनशे एमबीचा गुन्हा चिकटवणं मलाच लाजिरवाणं वाटलं.

मग उरलेलं कुणाचं?

माझं आजोळ हरिपूरचं. कृष्णा-वारणेच्या संगमाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तिथं हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढंच आणि आत पोट भलंमोठं. वरून माती लिंपून बंद केलेलं पेव वर्ष-वर्ष तसंच असायचं, वरून पोरं क्रिकेट खेळायची. पेव उघडायचा दिवस मात्र वेगळा. आधी तोंड मोकळं करून हवा खेळू द्यायची, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो जळत राहिला तरच माणूस उतरणार. आम्हा पोरांना लांब बसवलेलं असायचं, तरी त्या तोंडातून येणारा कोंदट, उष्ण, कडवट वास नाकात शिरायचा आणि संध्याकाळपर्यंत जायचा नाही. आणि एकदा उघडलं की सगळं बाहेर. हमालांची रांग, पिवळी अंगं, पिवळे घाम, एकामागून एक पोती. एका पोत्यासाठी कुणी पेव उघडलेलं मी पाहिलं नाही. २००५ च्या पुरात तिथं पाणी शिरलं, बरीच पेवं कायमची गेली. आमच्या ॲपचं कोड वाचताना मला तो वास आठवला. एका सभासदाचं दहा दिवसांचं बिल हवं असलं तरी हे ॲप अख्खं पेव उपसत होतं.

उपसा असा. ॲप सुरू झालं की वर्षभराच्या सगळ्या नोंदी वाचायचं आणि प्रत्येकीचा एक ऑब्जेक्ट बनवून यादीत ठेवायचं. केंद्राला ६०० सभासद धरा. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला १,२०० नोंदी, वर्षाला ४,३८,०००. फाइलमध्ये एक नोंद फार जागा घेत नाही. आकडे छोटे असले तर एसक्यूलाइट त्यांना एक-दोन बाइटांतही बसवतं. पण तीच नोंद मेमरीत ऑब्जेक्ट झाली की तिला डोकं येतं, शेपूट येतं, तारखेची स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ येते, सभासदाच्या नावाची आणखी एक स्ट्रिंग येते. ३०० बाइट धरले तरी सव्वाशे एमबी तिथंच झाले. कशासाठी? तर उचल आणि पशुखाद्याची कपात वजा जाऊन शिल्लक किती, हा आकडा पहिल्या पडद्यावर दाखवायला. ही बेरीज एसक्यूलाइट आतल्या आत करून एक ओळ हातात देऊ शकतं. त्यासाठी त्याला सगळ्या नोंदी एकदम धरायच्या नसतात. एक पान वाचायचं, बेरजेत मिळवायचं, पुढचं पान.

इथं मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्या फंक्शनच्या डोक्यावर आधीच्या माणसानं मराठीतच एक टीप लिहून ठेवली होती: ‘डिस्क फार स्लो आहे, म्हणून सुरुवातीलाच सगळं घेतो.’ ॲपचं हे पोट मूळ डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅममधून उचलून आणलेलं दिसत होतं. तेव्हा केंद्रांवर सेकंडहँड कॉम्प्युटर असायचे, फिरत्या डिस्कचे, आणि लोडशेडिंग. डिस्क एकदा वाचून घेतलेली बरी, हा त्या काळातला शहाणपणाच होता. डिस्क बदलली, मशीन बदललं, आणि शहाणपण तसंच्या तसं पुढं आलं. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती अँड्रॉइडला देणाऱ्या फाइलीत, जादा मेमरी मागणारं ‘लार्ज हीप’ चालू करून ठेवलेलं होतं, म्हणजे कुठंतरी कुणालातरी अडचण जाणवली होती आणि त्यानं पोट कमी करण्याऐवजी पट्टा सैल केला होता.

पुढचे काही दिवस उपसा थांबवण्यात गेले. त्यातलं सगळंच सांगण्यासारखं नाही, पण बिलाचा अहवाल सांगते. दर दहा दिवसांनी सगळ्या सभासदांची बिलं निघतात, सभासद क्रमांकानं आणि मग तारखेनं लावून. त्या क्रमाचा इंडेक्सच, म्हणजे पुस्तकामागं असते तशी सूचीच, नव्हती. म्हणजे एसक्यूलाइटनं आधी लागतील त्या ओळी गोळा करायच्या, कुठंतरी ठेवून त्यांची रास लावायची आणि मग पहिली ओळ द्यायची. सभासद आणि तारीख या दोन रकान्यांवर इंडेक्स घातला आणि रास लावायचं कामच संपलं, ओळी आधीच क्रमात सापडायला लागल्या. मेमरी वाचवायला गेले आणि वेगही फुकटात मिळाला. असं क्वचित होतं, म्हणून आवर्जून सांगितलं.

अँड्रॉइडची एक खोड मात्र मी आधी धरली नव्हती हिशेबात. एसक्यूलाइट स्वतः एकेक ओळ देतं, पण अँड्रॉइड मध्ये एक खिडकी ठेवतं, साधारण २ एमबीची. ओळी त्या खिडकीत भरून येतात. खिडकीच्या पुढची ओळ मागितली की क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडं केलेली मागणी, परत पहिल्यापासून चालते, आधीच्या ओळी नुसत्या ओलांडते आणि मग खिडकी भरते. त्यामुळं लांबलचक यादी शेवटपर्यंत वाचणं म्हणजे मारुतीच्या शेपटागत. उपाय साधा, ‘पहिल्या पाचशे सोडून पुढच्या’ असं मागायचं नाही, कारण सोडलेल्या पाचशेही मोजाव्या लागतात. ‘या सभासदाच्या या तारखेच्या पुढच्या शंभर’ असं मागायचं. इंडेक्स थेट तिथं नेऊन उभं करतो. त्याच खिडकीमुळं दुसरी एक जुनी तक्रारही उलगडली. काही सभासद उघडले की ॲप कोसळायचं. त्यांच्या बँक पासबुकाचा फोटो थेट सभासदाच्या ओळीत भरला होता, आणि फोटो दोन एमबीच्या वरचा असला की ओळ खिडकीत मावायचीच नाही. नावांची यादी दाखवताना ॲप ‘सगळे रकाने’ मागायचं, म्हणजे नाव दिसायला फोटोही वाहून आणायचा. फोटो वेगळ्या फाइलींत गेले, ओळीत फक्त पत्ता राहिला.

कनेक्शनं, म्हणजे डेटाबेसशी जोडण्या, हा खरं तर कंटाळवाणा भाग. प्रत्येक पडद्याला आपलं आपलं कनेक्शन होतं, मागं सिंक करणाऱ्याचं, म्हणजे नेटवरून नोंदी जुळवणाऱ्याचं, आणखी एक. प्रत्येकाची कॅशे वेगळी, टेबलांच्या रचनेची प्रत्येकाकडं वेगळी प्रत. तेही चाललं असतं. पण सिंकवाला वाचायला सुरुवात करायचा आणि नेटवर्क गेलं की वाचन अर्धवट उघडं ठेवून झोपायचा. एसक्यूलाइटच्या वॉल (राइट-अहेड लॉग) पद्धतीत लिहिलेलं आधी एका बाजूच्या फाइलीत साठतं आणि सवडीनं मूळ फाइलीत जिरतं. पण कुणीतरी जुन्या क्षणाकडं बघत बसलेलं असलं तर ती फाइल पुन्हा पहिल्यापासून वापरता येत नाही, नुसती वाढत राहते. नेटवर्क आमच्याकडं जातंच. मग ते वाचन लहान तुकड्यांत केलं आणि तुकडा संपला की बंद.

एवढं करून आकडा बघितला तर फारसा उतरलेला नव्हता. तेव्हा मात्र जीव चरफडला. मोकळी केलेली मेमरी लगेच सिस्टिमला परत जातेच असं नाही; ॲपमधला मेमरी वाटणारा भाग तिला पुढच्या मागणीसाठी आपल्याजवळ राखून ठेवतो. टॅब बंद-चालू करून, पहिल्यापासून मोजलं तेव्हा खरा फरक दिसला, आणि तो चांगला घसघशीत होता. या नादात मी कॅशेचे दोन एमबीही कापायला निघाले होते. एका मित्रानं पुण्याहून फोनवर सांगितलं, मेमरी मॅप वापर, फाइल थेट पत्त्यांवर चढव. त्यानं आकडा उलट फुगलेलाच दिसतो, जरी ती पानं सिस्टिम हवी तेव्हा काढून घेऊ शकते. दोन्ही राहू दिलं. शेकडो एमबी उधळणाऱ्या घरात जाऊन भांडं घासणाऱ्या बाईचा पगार कापण्यातला प्रकार होता तो. फक्त ॲप मागं जाताना अँड्रॉइड ‘आवरा’ असा इशारा देतं, त्या क्षणी एसक्यूलाइटलाही कॅशे सोडायला सांगायचं, एवढं घातलं. परत येताना दोन-चार पानं पुन्हा वाचावी लागतात. ते माणसाला कळतही नाही.

सचिवांच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडं आहे: फार नाही. तीस-चाळीस नोंदी, चालू दरपत्रक, समोर उभ्या असलेल्या माणसाचं खातं. बाकी सगळं फाइलीत बरं आहे. मेमरीत जे साठलेलं असतं त्यातलं बरंचसं भीतीपोटी साठवलेलं असतं असं मला हल्ली वाटतं. परत मागितलं तर वेळेवर मिळेल की नाही, ही भीती. डेटाबेस घरातच असताना ती धरायचं कारण नसतं. पण कोड लिहिणाऱ्याच्या हातात आठ-दहा पट मोठं मशीन असतं आणि त्याच्या टेबलावर किटली घेऊन कुणी उभं नसतं.

यातली अडचण वेगळीच निघाली. अध्यक्षांचं आधीच ठरलं होतं की सगळ्या केंद्रांना सहा जीबीचे टॅब घ्यायचे. कोटेशनही आलेलं होतं. मी म्हटलं, थांबा, आता गरज नाही. ते खूश झाले. मग मी माझं बिल पुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचलं.

“यात नवीन काय घातलंय?”

“काही नाही. काढलंय.”

“काढायचे पण पैसे?”

मी तो तळचा रकाना, वरचा आकडा, उघडं राहिलेलं वाचन वगैरे समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी मध्येच हात वर केला, कोटेशनचा कागद आणि माझं बिल शेजारी शेजारी ठेवलं, बेरीज बघितली आणि सही केली. मग म्हणाले, “बरं, आता जागा झालीच आहे मॅडम, तर पावतीवर सभासदाचा फोटो छापता येईल का?”